आकडा आणि ओल

काळ्या भारी जमिनीत ओलाव्याचा सेन्सर पुरणं वाटतं तेवढं सरळ काम नाही. औसा, निलंग्याकडची माती पाणी पिऊन फुगते आणि ऊन लागलं की आक्रसते. उन्हाळ्याच्या तोंडाला तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सेन्सरची पाती मातीला घट्ट चिकटलेली असली तरच तो खरं सांगतो. भेग नेमकी त्याच्या कडेने गेली की पात्याभोवती हवा शिरते आणि मोबाईलवर शेत कोरडंठाक दिसू लागतं. म्हणून मी खड्ड्यातून निघालेली माती चाळते, पाणी घालून तिचा चिखल करते आणि सेन्सर त्या चिखलात दाबून बसवते. एकदोन पाणी देऊन जमीन बसेपर्यंत त्याच्या आकड्यावर कुणाला मोटर चालू-बंद करू देत नाही. शेतातली थोडी माती आणून तोलते, १०५ अंशांवर २४ तास वाळवते आणि पुन्हा तोलते. खरा ओलावा त्यातून कळतो. कंपनीने भरून दिलेलं गणित आपल्या मातीला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

लातूर-नांदेडात हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. यंत्राचा आकडा शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता आला पाहिजे. तो पडताळता येत नसेल तर यंत्र कितीही हुशार असो, दुसऱ्या हंगामात ते कोठ्यात जाऊन पडतं.

"ताई, मशीन कोरडं सांगायलंय, पण बोटाला ओल लागायली की," असं एखादे काका म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. तिथेच वीतभर खणायचं, माती मुठीत दाबायची, गोळा होतो की फुटतो ते बघायचं, आणि मोबाईलवरचा आकडा व मुठीचा निकाल एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. वाफसा ओळखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या बोटांना मी प्रमाण मानते. वहीची काही पानं भरली की कोणत्या आकड्याला वाफसा येतो ते त्यांनाच कळतं. मग ते मला फोन करून विचारत नाहीत, आणि मला त्याचाच आनंद होतो.

अर्धापूरच्या केळीत हे तंत्र खऱ्या अर्थाने रुजू शकतं. इसापूरच्या कालव्याचं आणि विहिरीचं पाणी, ठिबक आधीपासून पसरलेलं, आणि पीक रोज पाणी मागणारं. तिथे मी दोन सेन्सर लावते, एक मुळ्यांच्या पट्ट्यात आणि एक त्याच्या खाली. खालचा ओला होऊ लागला की पाणी मुळ्यांना ओलांडून चाललंय आणि त्याच्याबरोबर ठिबकमधून दिलेलं खतही, हे डोळ्यांनी दिसतं. मोटर कधी चालू करायची ते केळीवाल्यांना आधीही कळत होतं. कधी बंद करायची ते या खालच्या सेन्सरने दाखवलं.

कोरडवाहू सोयाबीन-तुरीत मात्र हाच सेन्सर विकायला माझं मन घेत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, तिथल्या पुष्कळ शेतांत द्यायला पाणीच नसतं. जमीन कोरडी झाल्याचं मोबाईलवर कळून तो माणूस करणार काय? त्याच शेतात सोयाबीन निघाल्यावर डोक्याएवढ्या तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते. पाठीवरचा पंप घेऊन त्या तुरीत शिरणं जीवावर येतं, आणि तिथे ड्रोनची फवारणी खरोखर कामाची आहे. एकरी दीड-दोनशे लिटरऐवजी दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम होतं आणि औषध माणसाच्या अंगावर येत नाही. वारा पडलेला हवा आणि शेजारच्या शेताचं भान हवं, एवढं सांभाळावंच लागतं.

ज्या यंत्रासाठी कुणी मेळावे घेतले नाहीत, ते मोबाईल स्टार्टर मात्र गावोगाव पोचलं. रात्रीच्या पाळीची लाईट, बांधावरचा साप, विहिरीपर्यंतचा चिखल हे सगळं त्या सिमकार्डाच्या पेटीने टाळलं. फोन लावला की मोटर सुरू, पाणी संपलं की आपोआप बंद. मोटर चालली की नाही हे पाईपातून पडणारं पाणीच सांगतं, त्यामुळे विश्वासाचा प्रश्नच आला नाही. अडचण वेगळीच निघाली. लाईट आली की ऑटोवर टाकलेल्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात आणि रोहित्रावर ताण येतो. म्हणून मी एका रोहित्रावरच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवते आणि प्रत्येकाच्या स्टार्टरला सुरू होण्याची वेळ थोडी पुढे-मागे लावून देते. या कामात जोडणीपेक्षा बोलण्यालाच जास्त वेळ जातो, कारण पहिली मोटर कुणाची यावर भावकी जागी होते.

आता जवळपास प्रत्येक योजना मोबाईलमधून जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक शेतकऱ्याने स्वतः नोंदवायचं, हा विचार मला मनापासून पटतो. पण शेतात राबणाऱ्या कित्येक मावशींच्या नावावर ना जमीन असते ना फोन. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात कंपनीत, आणि ओटीपी जातो तिकडे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर कोणतं पीक किती क्षेत्रावर लिहायचं, यावर बांधावर उभं राहून हिशोब करावा लागतो. ज्या बाईने त्या ओळी पेरल्या तिला तो तोंडपाठ असतो, पण नोंद तिच्या हातून होत नाही. हे मला फार लागतं.

पावसाच्या आकड्याचंही तसंच. महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला की ते मंडळ अतिवृष्टीत धरतात. आपल्याकडे पाऊस मात्र शिवार बघून पडतो. एका बांधाला झोडपतो, दुसऱ्याला नुसता शिवून जातो. अशा केंद्रात पाऊस मोजणारी इवलीशी बादली असते. ती भरली की कलंडते आणि यंत्र तेवढी नोंद घेतं. वरच्या नरसाळ्यात पाला, पाखरांची घाण किंवा कोळ्याचं जाळं साचलं की पाऊस कोसळत असतानाही नोंद अपुरी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रातोरात गावांत पाणी शिरलं. अशा वर्षात ते नरसाळं कोण पुसतं आणि कधी पुसतं, हा लहान प्रश्न राहत नाही.

राज्याने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, पाचशे कोटींच्या तरतुदीचं. परभणीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानवावर काम झालंय. या सगळ्याचं मी स्वागत करते. माझं मागणं एवढंच की त्या पैशातला ठळक वाटा दुरुस्तीला ठेवा. तालुक्याला चार मुलं-मुली अशा तयार करा, ज्यांना सेन्सर उखडून पुन्हा पुरता येईल आणि नरसाळं साफ करता येईल. अनुदानावर आलेलं यंत्र हमी संपल्यावर कुणाचंच नसतं.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या मृगाआधी एक साधं हाती पर्जन्यमापक घ्या. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर लावा. हवामान खातं मोजतं त्याच वेळी, सकाळी साडेआठला, वाचा आणि तारखेसह वहीत लिहा. घरातल्या बाईच्या हाती ती वही द्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं विद्यापीठ दरवर्षी सांगतं. तो पाऊस तुमच्या शिवारात झाला की नाही, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे.