पातेलं घासण्याआधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत महाप्रसादानंतर सुमारे २,००० लोकांना विषबाधा झाली. एवढी माणसं आजारी पडली की पथकं येतात, नमुने जातात, पेपरात छापून येतं. नांदेड-लातूरच्या शिवेवर आरोग्य कर्मचारी म्हणून काम करताना माझा जीव तुटत आला तो लहान घटनांसाठी. त्यातही अंड्यांच्या.

एका उन्हाळ्यात आशाताईंचा फोन आला, "सर, एकाच गल्लीत तीन घरी ढाळ लागल्यात, तापबी हाय." आदल्या दिवशी तिथं वाढदिवसाचं जेवण झालं होतं. पाहुणे लोह्याकडचे आणि अहमदपूरकडचेही.

गावानं सगळा दोष उन्हाला दिला. आम्ही आधी वेळ विचारतो. जेवल्यावर दोन-चार तासांत नुसत्या उलट्या सुरू झाल्या तर संशय स्टॅफिलोकोकसवर. सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत ताप, मुरडा, ढाळ लागले तर साल्मोनेलाचा विचार आधी करायचा. मग वहीत रकाने आखले: नाव, वय, काय खाल्लं, त्रास किती वाजता. जे धडधाकट आहेत त्यांनाही विचारावं लागतं. लोक चिडतात, पण उलगडा होतो तो त्यांच्याच उत्तरांतून. वरण-भातावर उठलेल्या आजीला काही झालं नव्हतं. भुर्जी खाल्लेले बहुतेक आडवे पडले होते.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी खरं ते सांगितलं. ट्रेमध्ये बरीच अंडी तडकलेली होती. सकाळीच सगळी एका पातेल्यात फोडून ठेवली, रात्री घाईघाईनं परतली. अशा वेळी एक दूषित अंडं पुरतं. दिवसभराच्या उकाड्यात जंतू वाढत राहतात आणि भुर्जी ओलसर राहिली तर मरत नाहीत.

पण उरलेली भुर्जी कुत्र्यांनी खाल्ली होती, पातेलं घासून पालथं पडलं होतं. रुग्णांना अँटिबायोटिक सुरू झालेलं. त्यानंतर शौचाच्या नमुन्यात जंतू सापडणं अवघड. अहमदपूरकडचे पाहुणे खासगीत सलाईन लावून घरी गेले. त्यांची नोंद लातूर जिल्ह्यात व्हायची, तीही कुणी कळवलं तर. अहवालात 'संशयित' एवढंच लिहिता आलं. ती अंडी आणखी कोणत्या गावांत उतरली, हे शोधायची वाट तिथंच बंद झाली. याचं दुःख मला आजही आहे. देशात साथरोग सर्वेक्षण २००४ पासून आहे, २०२१ पासून त्याचं नवं ऑनलाइन पोर्टलही आहे. पण पोर्टलवर चढतं ते कुणीतरी सांगितलेलंच.

अंडी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. अंडी तडकलेली घेऊ नका, फोडून ठेवू नका, पूर्ण शिजवा.

आणि एका पंगतीतल्या दोघांना जरी त्रास झाला तरी आशाताईंना त्याच दिवशी कळवा. वाटीभर अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवा. ओआरएस लगेच सुरू करा. दवाखान्यात मात्र अँटिबायोटिकच्या आधी नमुना घ्यायला सांगा. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.