कास बघून कॅमेरा

सध्या आमच्या ऑफिसात फिल्म कॅमेऱ्यांची साथ आलीय. दिवसभर क्लाउडवर काम करणारी पोरं शनिवारी ३६ फोटोंचा रोल घेऊन पर्वती चढतात आणि सोमवारपासून स्कॅनची वाट बघत बसतात. माझ्याकडे असला एक कॅमेरा आहे हे फुटल्यापासून कॅन्टीनमध्ये रोज कुणीतरी विचारतं. कुठला घेऊ? बजेट वीस हजार, लेन्स फास्ट पाहिजे, ५० ची. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. फक्त आधीच सांगतो, मला यातलं निम्मं घोडेगावच्या म्हशींच्या बाजारात कळलंय. त्यामुळे म्हशी सहन कराव्या लागतील.

घोडेगाव म्हणजे नेवासे तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं. (पुणे जिल्ह्यातलं आंबेगाव तालुक्यातलं घोडेगाव वेगळं.) शनिशिंगणापूरला जायला गाडी जिथून वळते ते. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडून अजून नगरच येतं. शहरवाल्यांना हे गाव शनीच्या वाटेवरचं म्हणून माहीत असतं, शेतकऱ्यांना कांद्याच्या मार्केटमुळे आणि शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. माझे मामा त्या बाजाराचे पक्के गिऱ्हाईक. काही घ्यायचं-विकायचं नसलं तरी शुक्रवारी तिथे हजर. मागच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, गुडघे ऐकत नाहीत आता, दिवाळीच्या आत उरलेल्या दोन्ही म्हशी विकून टाकणार. म्हणजे मामा आणि त्यांचा बाजार एकत्र टिपायला माझ्याकडे चार महिने होते.

फोन होताच की, हा प्रश्न बायकोनेही विचारला. फोन पुरतो, खोटं कशाला बोलू. पण मामा उजाडायच्या आत बाजारात पोचतात आणि फोनला अंधार सहन होत नाही. तो पहाटेची सकाळ करून टाकतो, आणि काळीभोर म्हैस राखाडी प्लास्टिकची दिसायला लागते. मला अंधार अंधारासारखा हवा होता. शिवाय मामांच्या लग्नाच्या निगेटिव्ह अजून त्यांच्या ट्रंकेत शाबूत आहेत, हेही डोक्यात होतं.

आता मुद्द्यावर येऊ. म्हैस घेताना नवखा माणूस शिंगं बघतो. शिंगं दिसतातच तशी. पंढरपुरीची तलवारीसारखी लांब, मुऱ्हाची गोल वळलेली, जाफराबादीची डोक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेली. जाणता माणूस मागून येतो, वाकतो आणि कास बघतो. किती वेत झाली ते विचारतो, चारी सड तपासतो आणि धार काढायला लावतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत बॉडीवरचं नाव म्हणजे शिंगं. फोटो काढते ती लेन्स. बॉडीने नेमका हवा तेवढा वेळ पडदा उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच. बाकी सगळी शोभा.

म्हणून निकॉन एफएम२ वरचा जीव मी लवकर आवरला. १९८२ चं ते मॉडेल सुंदर आहे, पण सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचा शटर आणि नावाचा दबदबा यांचे पैसे मोजावे लागतात, आणि पहाटे म्हशींच्या बाजारात चार हजारावा भाग कुणाला लागतो? कॅनन एई-१ दिसायला झकास, १९७६ सालचा, आणि सोशल मीडियामुळे भाव खाऊन बसलेला. त्याचं शटर बॅटरीशिवाय हलत नाही. शिवाय त्या मालिकेच्या कॅमेऱ्यांना म्हातारपणी एक गंमतशीर दुखणं होतं. आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकतं आणि बटण दाबलं की कॅमेरा चक्क खोकतो. जाणकार त्याला खोकलाच म्हणतात. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "खोकणारं जनावर फुकट दिलं तरी घिऊ नाही." झालं, एई-१ बाद.

पेंटॅक्स के१००० मात्र मनापासून आवडला. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत राहिलेला, पूर्ण यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त मीटरपुरती. मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण घातलं की मीटर झोपतो. मला चांगल्या स्थितीतला वेळेत मिळाला असता तर तोच घेतला असता. आणखी जुन्या कॅमेऱ्यांकडे वळणार असाल तर आधी बॅटरी कुठली लागते ते विचारा. ऑलिंपस ओएम-१ सारख्या कितीतरी कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते, आणि ते सेल आता बनत नाहीत. जुगाड आहेत, पण पहिल्याच कॅमेऱ्याला कशाला.

आता लेन्स. इथे मात्र जरा निवांत बसा.

३५ एमएम फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. फोकल लेंग्थ साधारण कर्णाएवढी असली की चित्र डोळ्यांना ना पसरट वाटतं ना दाबलेलं. ५० त्याच्या जवळपास बसते, म्हणून ती स्टँडर्ड. तिची मूळ रचना, दोन्हीकडून जवळजवळ सारखी दिसणारी काचांची मांडणी, पॉल रुडॉल्फच्या १८९६ सालच्या प्लॅनार लेन्सपासून चालत आलेली. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा हलायला जागा ठेवावी लागते. रुंद कोनाच्या लेन्सना त्यासाठी कसरत करावी लागते, ५० ला फारशी नाही. त्यामुळे मोजक्या काचांत, कमी खर्चात, भरपूर उजेड घेणारी लेन्स बनते. त्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत बहुतेक एसएलआरबरोबर हीच देत. म्हणून जुन्या बाजारात तिचा सुकाळ आहे. गरिबाची लेन्स म्हणून तिच्याकडे बघू नका, नशीब म्हणून बघा.

कितीची घ्यायची? १.२, १.४, १.७, १.८, २? पोरं इथेच अडकतात. हिशोब सोपा आहे. आकड्यांचा भागाकार करा आणि वर्ग करा. १.८ पेक्षा १.४ मध्ये उजेड येतो सुमारे १.६५ पट, म्हणजे पाऊण स्टॉपही नाही. २ आणि १.८ मधला फरक तर जेमतेम पाव-तृतीयांश स्टॉपचा. याउलट एफ ४ च्या झूमवरून १.८ वर आलात की उजेड जवळजवळ पाचपट. १.८ वर जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरतो, तिथे त्या झूमवर सहावा भाग लागतो. तिसाव्याला श्वास रोखून हात स्थिर राहतो. सहाव्याला म्हैस राहत नाही. म्हणजे झूमवरून १.८ वर येण्याला खरे पैसे मोजावेत. १.८ वरून १.४ वर जाण्याचे पैसे फिल्मवर घालवावेत. दोन मीटरवर १.८ ला जेमतेम १७ सेंटिमीटर खोलीचं सगळं स्पष्ट येतं. म्हशीचं तोंड त्यापेक्षा बरंच लांब असतं. डोळा धारदार आला तर नाक धूसर, हे आधीच मान्य करून टाकायचं. त्याहून उथळ काय करायचंय?

शेवटी बॉडी निकॉन एफएम१०, १९९५ सालची, निकॉनसाठी कोसिनाने बनवलेली. तिच्या प्लास्टिकला लोक नाकं मुरडतात, म्हणून ती परवडते. पूर्ण यांत्रिक शटर, साधे एलआर४४ सेल. आणि तिचं मोठं सुख म्हणजे निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी लेन्स. डिजिटलच्या लाटेत कित्येकांनी ती घेतली, नंतर कॅमेरे बदलले आणि विकायला काढली. १९५९ पासून चालत आलेलं तेच माउंट, वर अॅपर्चरची रिंग, त्यामुळे एफएम१० वर मीटरसकट चालते. मात्र 'जी' लिहिलेली घेऊ नका. तिला रिंग नसते, आणि अशा जुन्या बॉडीवर ती कायम सगळ्यात बारीक भोकावर अडकते.

आता धार काढून बघणे. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि वर मोल. ऑनलाइन चार फोटो बघून कॅमेरा घेणं म्हणजे हेच. आणि बाजारात कास तुंबवून आणतात तसं इथेही असतं. बॉडी पुसून चकाचक, वर 'मिंट' असा शिक्का. मागचं दार उघडा. कडेचा काळा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो, पण भाव पाडा. लेन्स काढून उजेडाकडे धरा आणि एकेक वेग चालवून बघा. एक सेकंद म्हणजे खरंच एक सेकंद आहे का, हे कानाला कळतं. सुकलेल्या वंगणाने आधी मंद वेगच रखडतात. सर्वात जलद वेगाला चौकट पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे, एका बाजूला काळी पट्टी नको. मीटर तपासायला भर उन्हात जा. २०० ची फिल्म धरली तर एफ १६ ला सेकंदाचा अडीचशेवा भाग, याच्या आसपास बोलला की मीटर शुद्धीवर आहे.

लेन्समधून टॉर्च मारा. धूळ दिसली तर सोडून द्या, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिथून उठा. बुरशीला दमट हवा लागते, म्हणून मुंबई-कोकणात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं मला भय वाटतं. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसाने आमच्यावर कायम अन्याय केला, पण लेन्सचं भलं केलं. आमच्याकडच्या जुन्या मालात धूळ मूठभर आणि बुरशी क्वचित.

म्हणूनच कॅमेरा पुण्यात न घेता गावाकडे शोधला. तालुक्या-तालुक्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे असे कॅमेरे पडून आहेत, हे तुम्हीही लक्षात ठेवा. मला मिळाला तो अशाच एका काकांकडे. आता ते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स करतात. मामा सोबत आले होते. त्यांनी कॅमेरा उलटा-पालटा केला आणि गंभीरपणे विचारलं, "किती वेत झाली?" काकाही पक्के घोडेगावकर. म्हणाले, "लग्नं दोनेकशे. पण खोड नाही काय." मग मामांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला, काकांनी त्याखाली हात घातला, आणि जुन्या पद्धतीने बोटं धरून माझ्या कॅमेऱ्याचा सौदा झाला. मला आकडा नंतर कळला. काकांनी नऊ सांगितले होते, सात हजारांत सुटला, वर ३५-७० ची झूम. लेन्स पुण्यात साडेचार हजारांना मिळाली.

राहिले साडेआठ हजार, आणि बजेटमधला हाच भाग पोरं विसरतात. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून मला एका रोलला दीड हजाराच्या आसपास पडतात. म्हणजे एका क्लिकला चाळीस-बेचाळीस रुपये. पाच रोल, १८० फोटो, चार महिने. कॅमेऱ्यावर सगळे वीस घातले असते तर तो कपाटात शोभून दिसला असता.

म्हशींचे फोटो काढणार असाल तर शेवटची एक गोष्ट. मीटरला काळा रंग कळत नाही. समोर जे येईल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. चौकट म्हशीने भरली की तो जास्त उजेड मागतो आणि म्हैस राखाडी करून ठेवतो, अगदी त्या फोनसारखीच. म्हणून त्याच उजेडातल्या वाळलेल्या मातीवर मीटर वाचायचा आणि तेच आकडे ठेवून म्हशीकडे वळायचं. यात फायदाही आहे. मीटर जिथे तिसावा भाग मागत होता तिथे साठावा किंवा सव्वाशेवा भागही चालून जातो. काळी म्हैस तुम्हाला एक-दोन स्टॉप फुकट देते. १.४ ची लेन्स यापुढे काय देणार!

दिवाळीआधीच्या शुक्रवारी दोन्ही म्हशी गेल्या. ४०० ची कृष्णधवल फिल्म घातली होती. टेम्पोच्या फळीशी मामा एकीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत, मागे एक बल्ब, बाकी सगळा काळोख. बेचाळीस रुपयांची वसुली झाली. मोठी प्रिंट करून घरी नेली. मामांनी बराच वेळ बघितली, स्वतःकडे नव्हे, म्हशीकडे. मग म्हणाले, "हिची कास कुठंय? आर्धीच म्हैस काढली व्हय रं?"

बरोबरच होतं त्यांचं. दोन मीटरवरून ५० च्या चौकटीत आडवं १.४४ मीटर मावतं. म्हैस त्याहून मोठी.