दामिनीचं देणं

माझ्या नावापुढे ‘साक्री वार्ताहर’ असं छापून आलं, त्यात दोन बायकांचा वाटा आहे. एक प्रतीक्षा लोणकर; त्यांना मी कधी भेटलेले नाही. दुसरी आमच्या गल्लीतली काकू. दुपारी साडेचारला तिच्या घराचं दार कुणालाच बंद नसायचं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर ‘दामिनी’ सुरू झाली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. तोवर मालिका म्हणजे आठवड्याला एक भाग आणि बहुधा तेरा भागांत आटोपलेली गोष्ट. दिग्दर्शन कांचन अधिकारी यांचं आणि प्रतीक्षाताई पत्रकार दामिनीच्या भूमिकेत. केबल आमच्याकडे मोजक्याच घरांत होती, दूरदर्शन मात्र छपरावरच्या अँटेनावर फुकट दिसायचं. म्हणून तर बातमीसाठी भल्याभल्यांना जाब विचारणारी ती बाई साक्रीतल्या शेतमजूर बायकांपर्यंत पोचली.

काकूच्या पडवीत सगळ्या शेंगा फोडत बसायच्या. कुणी वावरातून उशिरा यायची आणि टेकायच्या आधी विचारायची, “काय व्हयनं व माय?” झालेलं सांगायचं काम काकूने माझ्यावर सोपवलं. जाहिराती संपायच्या आत सांगून व्हायला हवं. मग आधी काय सांगायचं, काय गाळायचं, कोण काय बोललं ते नेमकं कसं सांगायचं, याची सवय लागली. लांबण लावली की काकू थांबवायची, “मुद्द्याचं बोल.” बातमी लिहिण्याचं माझं शिक्षण त्या पडवीत झालं, असं मी आजही मानते.

पुढे धुळ्याच्या एका दैनिकासाठी बातम्या देते म्हटल्यावर घरात वाद झाला. बाजार समितीत, पोलीस ठाण्यात पोरीने जायचं म्हणजे काय! तेव्हा आई उभी राहिली. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची स्मिता याच दूरदर्शनवर बातम्या सांगायची, हे तिला ठाऊक होतं. स्मिता पाटील 1986 मध्येच गेल्या, पण आमच्या जिल्ह्यातल्या आयांना त्यांचा आधार पुरत होता. “ती शिरपूरनी, आपण साक्रीना,” एवढंच आई म्हणाली आणि विषय मिटला. स्मिताने वाट दाखवली होती. त्या वाटेवर रोज चालणारी बाई दामिनीने आईला दाखवली. दुसऱ्याच आठवड्यात कांद्याच्या भावाची बातमी पाकिटात घालून मी धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली.

1999 मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली, पुढे रोजच्या मालिकांची रांगच लागली. त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालते. रोज एक भाग द्यायचा म्हणजे लेखक, कॅमेऱ्यामागची माणसं, लाइटवाले, रंगभूषाकार, सगळ्यांनाच रोजचा दिवस मोजावा लागतो. त्यांच्यातल्या एकालाही साक्री कुठे आहे हे माहीत नसेल, तरी त्यांच्या कष्टाने इथल्या एका मुलीला काम मिळालं.

काकू आता नाही. बाकीच्यांची नावंही मला सांगता येत नाहीत, कारण श्रेयनामावली डोळ्यांदेखत भर्रकन सरकून जाते. वाहिन्यांना माझी एवढीच विनंती आहे: ती नावं वाचता येतील इतका वेळ पडद्यावर ठेवा.