सातशे वीसचा सा

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरोघरी आला. प्लॅस्टिकचा हलका डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळ्याधमक कॅसेटी. सुट्टीभर आम्ही त्यावर मारिओ आणि काँट्रा खेळलो. त्या डब्याच्या पोटात पाच आवाजांचं एक वाद्य दडलेलं आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. पुण्याच्या जुन्या बाजारात तसाच एक डबा भंगारात दिसला, तो मी मिरजेला घरी आणला आणि त्याचं वाजवण्याजोगं वाद्य केलं. वाद्य तर हाती लागलंच, पण पेटीवर इतकी वर्षं बोटं फिरवून जे उमगलं नव्हतं तेही उमगलं. सूर नेमका कुठे उभा असतो, ते कळलं.

माझा धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा आणि नाद पेटीचा. भजनाला आणि गावातल्या छोट्या मैफलींना साथ करतो. त्यामुळे कुठलंही बिघडलेलं यंत्र उघडलं की त्यातला स्पीकरकडे जाणारा रस्ता मी आधी शोधतो. हा डबाही तसाच उघडला. नंतरच्या स्वस्त डब्यांमध्ये सगळं सर्किट एका काळ्या घट्ट थेंबाखाली गाडून टाकलेलं असतं, त्यात शिरायला वाव नसतो. माझ्या डब्यात मात्र चाळीस पायांची सुटी आयसी होती आणि तिच्यावर यूए६५२७पी अशी अक्षरं होती. मूळ यंत्र जपानचं, १९८३ साली निघालेलं फॅमिकॉम. त्यातल्या रिको कंपनीच्या आयसीची ही तैवानमध्ये झालेली नक्कल, आपल्यासारख्या पाल पद्धतीचा टीव्ही असलेल्या देशांसाठी. हिशेब करणं आणि आवाज काढणं, ही दोन्ही कामं या एकाच आयसीत होतात.

पाच आवाज असे. दोन चौकोनी लहरीचे, थोडे कर्कश. एक त्रिकोणी लहरीचा, बासरीच्या जवळ जाणारा. एक नुसता खरखराट, ज्यातून खेळातले स्फोट निघायचे. आणि पाचवा, आधी साठवून ठेवलेले आवाज वाजवणारा. मला पहिले तीनच हवे होते. दोन चौकोनी आवाज तंबोऱ्याला, त्रिकोणी गाण्याला.

आयसीला काय करायचं ते सांगण्यासाठी स्वतःची कॅसेट लागते. कार्यक्रम संगणकावर लिहिला, ६५०२ या जुन्या प्रोसेसरच्या भाषेत. तो २७२५६ जातीच्या ईप्रॉमवर उतरवला. ही काचेची खिडकी असलेली आयसी. खिडकीतून अतिनील प्रकाश सोडला की लिहिलेलं पुसलं जातं आणि पुन्हा लिहिता येतं. ती कॅसेटच्या पट्टीवर बसवली, डबा चालू केला. टीव्ही जोडलाच नव्हता, चित्राची गरजच नव्हती. आणि आता पहिला प्रश्न समोर आला. सा कुठला धरायचा?

पेटीवर हा प्रश्न पडत नाही. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जी पट्टी गायकाला सोयीची तिथे सा. पुढचे अकरा सूर पेटी बनवणाऱ्याने लावून दिलेले असतात. या आयसीला सूर ठाऊकच नाहीत, तिला फक्त आकडा कळतो. तिच्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे १७ लाख ७३ हजार ठोके पडतात. आपण दिलेल्या आकड्याइतके ठोके मोजून झाले की चौकोनी लहर एक पायरी पुढे सरकते, अशा सोळा पायऱ्या हिशेबात धरल्या की एक लहर पुरी होते. आकडा मोठा तर सूर खालचा, आकडा लहान तर सूर चढा. ९ ते २०४८ पर्यंत कुठलाही आकडा चालतो.

म्हणजे हा आकडा तारेच्या लांबीसारखा वागतो. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून संगीताच्या परीक्षेची जुनी वही काढली. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या. पुढे अभ्यासासाठी ती तार छत्तीस इंचांची धरायची रीत पडली. पूर्ण तार छेडली की सा, सत्तावीस इंचांवर मध्यम, चोवीसवर पंचम, अठरावर तार सा. विद्यार्थी असताना मी हे नुसतं पाठ केलं होतं. आता त्याच भागाकारांना चपखल बसेल असा आकडा मला हवा होता. शोधता शोधता ७२० वर येऊन थांबलो.

७२० ला सा धरला की शुद्ध रिषभ ६४०, गंधार ५७६, मध्यम ५४०, पंचम ४८०, धैवत ४३२, निषाद ३८४ आणि तार सा ३६०. कोमल रिषभ ६७५, कोमल गंधार ६००, तीव्र मध्यम ५१२, कोमल धैवत ४५०, कोमल निषाद ४००. बाराही सूर पूर्णांकात, एकातही अपूर्णांक नाही. (आयसी शून्यापासून मोजते, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक आकड्यातून एक वजा करून द्यावा लागतो.) हा सा सुमारे १५४ हर्ट्झचा, काळी दोनच्या किंचित खाली. मी सा आणि गंधार एकत्र सोडले. दोन चौकोनी लहरी, तरीही त्या एकमेकींत अशा मिसळल्या की दोन्हींमधली थरथर नाहीशी झाली. मग पेटीवरचा गंधार मोजून टाकला. तो ५७१ आणि ५७२ च्या मध्ये कुठेतरी येतो. ५७२ टाकल्याबरोबर आवाज डुचमळायला लागला. ज्या गंधारावर मी आयुष्यभर साथ केली, तो चढा आहे हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी ते माझ्या कानांनी ऐकलं. पंचमाचा फरक मात्र जेमतेम अर्ध्या आकड्याचा. पेटीवर पंचम गोड लागतो आणि गंधार-धैवत टोचतात, त्याचं कारण समोर मांडलेलं होतं.

आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. आक्षेपाचे मुद्दे दोन: तिचे सूर बांधलेले आणि तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, निघत नाही. त्याच्याही आधी, १९१० साली, आमच्या शेजारच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यांच्या व क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या प्रयत्नांतून श्रुतींची पेटी घडवली गेली. त्या माणसांनी रीड घासून घासून जे साधायचा प्रयत्न केला, ते मी आकडा बदलून करत होतो. त्यांच्या चिकाटीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, आणि हे काम करताना तो वाढतच गेला.

सूर ठरले, आता बोटांना जागा हवी होती. खेळाच्या रिमोटमध्ये आठच बटणं. पण रिमोटचं काम सोपं असतं. त्यातली ४०२१ ही आयसी आठ बटणांची स्थिती एकदम टिपते आणि डब्याने मागितली की एकेक करून सांगते. एका ४०२१ च्या शेपटीला दुसरी जोडली की सोळा बटणं होतात, डब्याने आठऐवजी सोळा वेळा विचारायचं इतकंच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून या आयसी आणल्या. बंद पडलेल्या एका खेळण्यातल्या कीबोर्डच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्याखालचं कार्बनचं रबर चांगलं होतं. तेरा पट्ट्या सा ते तार सा, उरलेल्या तिनांपैकी दोन सप्तक खाली-वर करायला आणि एक आंदोलनासाठी. स्पीकर एका जुन्या टू-इन-वनचा.

मींड हा या वाद्याचा प्राण असावा असं पहिल्यापासून मनात होतं. तंत्र सरळ आहे. एक पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली तर आकडा थेट उडी न मारता सेकंदाला पन्नास पायऱ्यांनी सरकत जातो. चौकोनी आवाजावर हे करून बघितलं, तर मध्यमाकडून पंचमाकडे जाताना वाटेत ‘टक्’ असा आवाज यायचा. नेमका तीव्र मध्यमापाशी. कारण आकडा आयसीच्या पोटात दोन तुकड्यांत ठेवला जातो आणि ५१२ ओलांडताना वरचा तुकडा बदलतो. तो बदलला की चौकोनी लहर मधूनच तुटते आणि पहिल्यापासून सुरू होते. त्रिकोणी आवाजाला ही खोड नाही, त्याची लहर तुटत नाही. म्हणून गाणं त्रिकोणी आवाजाकडे गेलं आणि मींड अखंड निघाली. तो त्याच आकड्याला एक सप्तक खाली वाजतो, म्हणून त्याचा सा ३६०. तिथे एकाच स्वराची वाटणी नीट होत नाही, कोमल रिषभाची. तो ३३७ आणि ३३८ च्या मध्ये पडतो. भैरवासाठी मी ३३८ घेतो, तिथला रिषभ उतरलेलाच शोभतो. दरबारीचा गंधार तर एका आकड्यावर उभाच राहत नाही, ३०० वरून खाली ३०४ पर्यंत झुलतो आणि परत येतो. ती झुलण्याची गती बसवण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आणि त्या मोठ्या आनंदाच्या होत्या.

यंत्रातून मींड काढण्याचा हा ध्यास मुंबईत कितीतरी आधी एकाने घेतला होता. १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३ हे गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, ती त्यांनी रागासाठी वापरली. काम करताना मी ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली.

त्रिकोणी आवाजात एक उणीव आहे. तो एकतर पूर्ण वाजतो किंवा बंद असतो, लहान-मोठा होत नाही. यावरचा उपाय आयसीच्या पायांतच सापडला. दोन चौकोनी आवाज एका पायावर बाहेर येतात, त्रिकोणी दुसऱ्या पायावर. पुढे डब्यात ते एकत्र केलेले असतात. मी ते जोड तोडले, दोन्ही पायांपासून शील्डेड वायरी वेगवेगळ्या काढल्या आणि त्रिकोणी आवाजाच्या वाटेत जुन्या डेकच्या इक्वलायझरमधला सरकता व्हॉल्यूम बसवला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा त्या सरकपट्टीवर. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला भात्याची सवय असतेच. तंबोरा एका पातळीवर चालू राहतो आणि गाणं श्वासासारखं उमलतं, मिटतं.

तंबोरा मात्र मनासारखा लागत नव्हता. मिरजेत राहून तंबोऱ्याबद्दल शंका असेल तर कोणाकडे जायचं, हे सांगावं लागत नाही. सतारमेकर गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिरांच्या दुकानात डबा घेऊन गेलो. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि डोळे मिटून ऐकलं.

“सूर खरा लागलाय,” ते म्हणाले, “पण जवारी न्हाई. तार छेडल्यावर आवाज बदलत जायला पायजे. हितं तो नुसता बारीक होतोय.”

मग त्यांनी समोरच्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा जरासा सरकवून दाखवला. दोरा सरकला तसा त्याच सुरातून वरचे सूर एकामागून एक उघडत गेले. घरी येऊन मी चौकोनी लहरीची रुंदी हाताशी घेतली. ही आयसी लहरीचा आठवा भाग, पाव भाग किंवा अर्धा भाग उंच ठेवू शकते. रुंदी जितकी कमी तितके वरचे सूर जास्त. प्रत्येक तारेला सुरुवात अरुंद लहरीने केली आणि आवाज ओसरत जाईल तशी ती रुंद करत नेली. या नकली आयसीत पाव आणि अर्ध्याची अदलाबदल झालेली आहे, मूळ जपानी आयसीच्या उलट. त्यामुळे संगणकावर एक ऐकू यायचं आणि डब्यातून दुसरंच. ती अदलाबदल हिशेबात धरली. दोन जोड तारांपैकी एक ७२० वर ठेवली, दुसरी ७२१ वर. आणि चौकोनी लहर पहिल्यापासून सुरू होण्याची जी खोड मींडेत आडवी आली होती, तीच इथे तार छेडल्याचा ठोका झाली. पुढच्या वेळी कारागिरांनी ऐकलं आणि म्हणाले, “आता बोलतोय.” मला यापेक्षा मोठी पावती नको होती.

माझ्या ओळखीचे एक गायक आता कधीमधी रियाजाला हे वाद्य घेतात. त्यांचा सा काळी एकचा. वाद्याचा सा बदलून द्यावा असं त्यांनी सुचवलं. बदलता येतो, पण मग बाराही सूर इतक्या स्वच्छपणे बसत नाहीत. त्यांनी दोन्ही ऐकले आणि स्वतःच आपला सा थोडा चढवून ७२० ला घेतला. प्रत्येक चांगल्या वाद्याला आपली अशी एक जागा असते, जिथे ते सगळ्यात खरं बोलतं. वाजवणाऱ्याने ती ओळखायची असते.

पेटी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण आता भूप वाजवताना गंधारावर मी पूर्वीइतका रेंगाळत नाही, गायकाचा गंधार पुढे येऊ देतो. सूर आयता मिळतो तेव्हा आपण त्याच्याबद्दल फारसा विचार करत नाही. बारा सुरांची जागा एकेक करून स्वतः ठरवावी लागली, तेव्हा कुठे मला त्यांची ओळख झाली. तुमच्या माळ्यावर असा डबा पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी उघडून बघा. चाळीस पायांची सुटी आयसी दिसली तर पहिला आकडा ७२० चा टाका, दुसरा ५७६ चा, आणि दोन्ही एकत्र ऐका.