एमडी झालं, आता पीएचडी

मी बोईसरची. मुंबईत पॅथॉलॉजीत एमडी केलं, नोकरी लागली आणि त्याच वर्षी पीएचडीला नाव नोंदवलं. अमेरिकेत एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्यांना १९६४ पासून सरकारी पैसा मिळतो. दोन वर्षं वैद्यकीय शिक्षण, मग प्रयोगशाळा, मग पुन्हा वॉर्ड. आपल्याकडे बहुतेकांना ही सांगड स्वतःच घालावी लागते. दिवसा ड्यूटी, रात्री वाचन. आईचा एकच प्रश्न, "डॉक्टर झालीस ना, मग अजून कसला अभ्यास?"

विषय सिकलसेलचा, आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरचा. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि एथिक्स कमिटीच्या कागदांत गेलं. संमतीपत्र मराठीत मंजूर झालं. डहाणूकडच्या एका पाड्यावर वाचायला घेतलं, तर 'आनुवंशिक विकार' येईपर्यंत निम्म्या बाया उठून गेल्या. आशाताई म्हणाल्या, "मॅडम, रक्त किती घेणार नि कशाला, तेवढं आधी सांगा." त्यांच्यासोबत बसून सोपं लिहिलं. पण मजकूर बदलला की पुन्हा कमिटीकडे जावं लागतं. त्यात काही महिने गेले. अंगठा देणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, तोही आधीच ठरवून ठेवावा.

मग पावसाळा आला. पहिली चाचणी सोपी असते. नळीतल्या औषधात थेंबभर रक्त टाकायचं. मिश्रण गढूळ होऊन मागच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. त्या दिवशी एकही नळी गढूळ होईना. मी सोबत पॉझिटिव्ह असल्याचं आधीच माहीत असलेला नमुना नेते. त्यातूनही रेषा स्पष्ट दिसल्या, तेव्हा कळलं, औषधातलं डायथायोनाइट दमट हवेने मेलंय. नाहीतर सगळा पाडा निगेटिव्ह लिहिला गेला असता. त्यानंतर त्याची पुडी चाचणीच्याच दिवशी फोडायची, असा नियम केला.

ही चाचणी वाहक आणि आजारी यांत फरक दाखवत नाही. त्यासाठी एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, म्हणून नमुने बर्फाच्या डब्यातून मुंबईला न्यायचे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, तेवढी सोय. पालघरला चढलेल्या एका मावशीने मांडीवरचा डबा बघून विचारलं, "पापलेट का?" मी हो म्हटलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सोडून द्यावं असं बरेचदा वाटलं. बरोबरच्यांच्या लॅब उघडल्या होत्या. गाइडच्या सांगण्यावरून फील्डचा वार विभागप्रमुखांकडून लेखी घेतला, त्याने निम्मी ओढाताण थांबली. मुदतीची धास्ती होती, तर नियम नीट वाचले. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६ वर्षं; बायकांना त्यावर २ वर्षांची सवलत मिळू शकते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ रिपोर्ट द्यायला लागतो. एका आईने कागद उलटसुलट करून विचारलं, "पोरीचं लगीन मोडंल का?" ती पोर वाहक होती, आजारी नव्हती. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, एकच असेल तर ती भीती नाही, हे बोटांवर मोजून दाखवलं. तासभर गेला. प्रबंधात या तासाला रकाना नाही. आता रिपोर्ट वाटायला वेगळा दिवस धरते आणि त्या दिवशी नवे नमुने घेत नाही.