संध्याकाळचा चहा

संध्याकाळचा चहा बंद केला, तर आईच जास्त अस्वस्थ. “निदान अर्धा कप तरी घे गं!” कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे साडेसहाचा चहा साडेअकरालाही निम्मा जागाच. वर घराचा हप्ता, ऑफिसातली कपात, बाबांची शुगर. झोप येणार कशी?

आता त्या वेळी पर्वती चढते. पायऱ्या १०३, रुंद, तरी धाप लागतेच. वर पोचून श्वास सावकाश सोडते. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, हे झालं शास्त्र. कट्ट्यावरच्या आजोबांची राजकारणावरची भांडणं चोरून ऐकणं, हा माझा उपचार. हप्ता तेवढाच आहे. पहाटे उठून आकडेमोड करणं मात्र बरंच कमी झालंय. सकाळचा चहा सोडणार नाही, कुणी कितीही सांगो.