हरलेल्या सेनापतीचा इतिहास

इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात अथेन्सचा सेनापती थ्युसिडिडीज सात जहाजं घेऊन अँफिपोलिसच्या मदतीला धावला. तो पोचेपर्यंत स्पार्टाच्या ब्रासिडसनं शहर ताब्यात घेतलं होतं. वीस वर्षांची हद्दपारी नशिबी आली. स्वतःच्या इतिहासात हे सगळं तो थोडक्यात आटोपतो. ना सबब, ना रडगाणं. माझा त्याच्यावर विश्वास बसला तो इथंच.

हल्ली त्याचं नाव निघतं ते अमेरिका-चीनच्या चर्चेत. अथेन्सची ताकद वाढली, स्पार्टाला धास्ती वाटली आणि युद्ध अटळ झालं, या त्याच्या विधानावरून राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहॅम ॲलिसन यांनी ‘थ्युसिडिडीजचा सापळा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. चर्चासत्राला सोयीचा आहे खरा! मी मात्र पुनःपुन्हा उघडतो तो त्याच्या इतिहासाचा सहावा भाग.

इ.स.पू. ४१५. अथेन्सच्या सभेत सिसिली बेटावर स्वारी करायची ठरतेय. बेट केवढं, वस्ती किती, याचा बहुतेकांना पत्ता नाही. निकियसला मोहीम मान्य नाही, पण सेनापतींत नेमलंय त्यालाच. सरळ विरोध चालेना, तेव्हा त्यानं खर्चाचा बागुलबुवा उभा केला. प्रचंड आरमार हवं, तिरंदाज हवेत, धान्य हवं, गिरण्यांमधले पगारी भटारीसुद्धा हवेत. लोक बिचकतील असा हिशेब. झालं उलटंच. एवढ्या तयारीनं गेल्यावर हरूच कसे, म्हणून सभेला आणखी चेव चढला. एकानं तर उठून नेमका आकडाच मागितला. निकियसला सांगावं लागलं: किमान शंभर जहाजं, पाच हजार चिलखती पायदळ. ज्यांना हे पटत नव्हतं ते गप्प बसले. विरोधात हात वर केला तर देशाचे वैरी ठरू, ही भीती.

अमेरिकेच्या नेव्हल वॉर कॉलेजात स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी १९७२ मध्ये हा ग्रंथ अभ्यासक्रमात आणला, तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होतं. अधिकाऱ्यांना सिसिली वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

त्या मोहिमेत पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजहून माघार घ्यायची वेळ आली आणि नेमकं चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी सांगितलं, नऊ त्रिक सत्तावीस दिवस थांबा. निकियस थांबला, सैन्य बुडालं, त्यालाही मारलं. इतरांना फटकारणारा थ्युसिडिडीज इथं मात्र नरमतो. एवढ्या सज्जन माणसाच्या वाट्याला हे यायला नको होतं, म्हणतो. मला हे पटत नाही. पण हरून परतलो तर अथेन्सची सभा आपल्याला सोडणार नाही, ही निकियसची धास्ती त्यानंच नोंदवलीय, आणि ती सभा काय चीज आहे हे हद्दपार सेनापतीइतकं कुणाला ठाऊक असणार?